धुतलेल्या नावाची तबकडी

मित्रांनो, माझं नाव सोडून काहीही विचारा. नाव मी शेवटी सांगेन, कारण मलासुद्धा ते फार उशिरा परत मिळालं. तूर्त एवढं पुरे, की मी एक जुनी गाण्याची तबकडी आहे. रंगाने काळी, बारा इंच रुंद, कडेला एक टवका उडालेली. आज मला प्लेयरवर लावलं, तर एका जागी नुसती वाळू ओतल्यासारखी खरखर ऐकू येते. ऐकणारे नाक मुरडतात. मला मात्र त्या खरखरीचा फार अभिमान आहे, आणि तो का, हे सांगायलाच आज बसले आहे.

माझं माहेर अमेरिकेतलं टोलेडो. तिथल्या काचेच्या कारखान्यातल्या चार मित्रांना गाण्याचं वेड होतं. केस खांद्यापर्यंत वाढवलेले आणि गिटारचा आवाज एवढा मोठा, की शेजाऱ्यांनी आपला कुत्रा बहिणीच्या घरी नेऊन ठेवला होता. या चौघांनी एक दिवस स्टुडिओ भाड्याने घेतला आणि आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर गिटारची तार तटकन तुटली. गिटारवाला थांबला, गाणारा गोंधळला, पण ढोल वाजवणारा खमका होता. तो एकटाच वाजवत राहिला. आठ सेकंदं. मग गिटारवाल्याने उरलेल्या पाच तारांवर असा काही कडकडाट केला, की स्टुडिओतला चहावाला कप घेऊन दारातच थबकला. पुन्हा वाजवायला वेळ उरला नव्हता, म्हणून ती चूक तशीच राहिली. मित्रांनो, माझ्याजवळचं खरं धन म्हणजे ती चूक. बाकीची सात गाणी माझीच आहेत म्हणून सांगते, ठीकठाक होती.

पुढे तबकड्यांच्या कारखान्यात काळ्या गरम लगद्याचा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला, वरखाली कागदाची एकेक गोल चकती लावली आणि दाबलं. अर्ध्या मिनिटात मी तयार. त्या चकतीवर माझं नाव होतं, गाणाऱ्यांची नावं होती आणि तळाशी बारीक अक्षरांत आणखीही काही होतं. माझ्यासारख्या पाचशे जणी निघाल्या. त्यातल्या किती खपल्या ते विचारू नका, त्या चौघांना नातेवाईक किती होते ते विचारा. वर्षभरात आम्हाला काढणारी कंपनी बुडाली आणि उरलेल्या आम्ही खोक्यांत बसून गावोगाव फिरलो. शेवटी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, एका जुन्या सामानाच्या दुकानात, पडीक मालाच्या पेटीत मी आणि माझी जुळी बहीण एकमेकींना टेकून उभ्या राहिलो. आमच्या शेजारी बँडबाज्याच्या तबकड्या होत्या आणि वर धूळ होती.

तिथे आम्हाला वर्डेल भेटली. वर्डेल हचिन्स. एकवीस वर्षांची, उंच, धोब्याच्या दुकानात इस्त्री करणारी, त्यामुळे उजव्या हाताला कायम कुठेतरी भाजलेलं. तिने मला दुकानातल्या मोडक्या प्लेयरवर लावलं, सुई इकडेतिकडे टाकली, आणि तिसऱ्या गाण्यात ढोल सुरू झाल्याबरोबर तिचे डोळे असे मोठे झाले! माझ्यासारख्या दुसरीला तिने पेटी उपसून शोधलं आणि दोघींना काखेत मारलं. नाव तिने वाचलंसुद्धा नाही. गोऱ्यांच्या रॉकच्या तबकड्यांची नावं आमच्या गल्लीत कुणी लक्षात ठेवत नसे. ढोल चांगले आहेत ना, बस्स.

आमच्या गल्लीतला डीजे गाणं पूर्ण वाजवत नाही. त्यातला नाचायला लावणारा तुकडा तेवढा घेतो. तो तुकडा आठच सेकंदांचा असला तर एकसारख्या दोन तबकड्या लागतात. एकीवर तुकडा संपला, की तोच दुसरीवर सुरू करायचा आणि तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. आम्ही बहिणी असा तो तुकडा एकमेकींच्या हातात देत राहायचो, वर्डेलच्या मनात असेल तितका वेळ.

पण ज्याला चांगला तुकडा सापडतो, त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की तबकडी आणली की पहिली तिला पाण्यात घालायची. कागदी चकती भिजून सुटली म्हणजे कुणी डोकावलं तरी नाव दिसत नाही. वर्डेलनेही शनिवारी सकाळी टब भरला आणि आम्हाला बुडवलं. वेष्टनं तर तिने आधीच इमारतीच्या भट्टीत टाकली होती.

दुपारी तिची आई आयडेलाबाई टॉवेल घेऊन आंघोळीला आली आणि दारातच थांबली. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबणारी, रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चमध्ये लोकांना जागेवर बसवणारी बाई ती. तिला टबात तबकड्या कशा खपाव्या?

"आठवडाभर लोकांचे कपडे धुतेस ते पुरत नाही वाटतं?" आयडेलाबाई म्हणाली. "आता घरी गाणी धुवायला आणलीस?"

"आई, नुसत्या चकत्या काढतेय गं. तो प्रेंटिस मेला खांद्यावरून नाव वाचतो आणि दुसऱ्या दिवशी तीच तबकडी घेऊन मैदानात हजर!"

"मग असू दे की. देवाने गाणी काय तुला एकटीला आंदण दिलीत? आणि ही टबाच्या भोकात अडकलेली कागदं कोण काढणार? प्रेंटिस येणारे?"

"आई, एक दिवस माझं स्वतःचं नाव येईल तबकडीवर. छापून. मग बोल."

"त्या दिवशी मी खुर्ची ओढून बसेन आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकेन. तोवर माझा टब रिकामा कर."

मित्रांनो, वर्डेलला पैशाचा सोस नव्हता की मोठ्या घराचा नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की छापील चकतीवर आपलं नाव यावं आणि आईने ते चष्मा लावून वाचावं. मी तिच्या हाताखाली तीन वर्षं फिरले, मला हे ठाऊक आहे. नाव गेल्याचं दुःख मला तेव्हा फारसं झालं नाही. उलट गंमत वाटली. बिननावाची असूनही मी मैदान गाजवत होते! वर्डेलने माझ्या साध्या खाकी वेष्टनावर खडूने एक मासा काढला. "मासा काढ," म्हटलं की मी बाहेर. सुई उडू नये म्हणून सुईच्या डोक्यावर पेनीचं एक नाणं चिकटवलेलं असायचं. ढोल सुरू झाले की पोरं मोठ्याने ओरडायची आणि मीसुद्धा थोडी फुगायचे. कोणी कौतुक केलं की तबकडीचं डोकं लगेच फिरतं.

असा तीन वर्षांनी जुलैतला एक रविवार आला. शाळेच्या मैदानात भर दुपारी कार्यक्रम होता. दिव्याच्या खांबाचं खालचं झाकण उघडून पापोने त्यातून वीज ओढली होती. पापो किन्योनेस म्हणजे वर्डेलचा जोडीदार, टीव्ही दुरुस्त करणारा पोर्तोरिकन तरुण, तोंडाने अखंड बडबडणारा. माइकवर क्लिओफस होता. दिवसा भाजीच्या गोदामात पेट्या उचलणारा आणि सुट्टीच्या दिवशी शब्द उचलणारा. आमच्या इमारतीची लिफ्ट वर्षभर बंद होती, त्यावर त्याने रॅप रचला होता:

"लिफ्ट पडली बंद, तर जिन्यानं चल वर,
सातव्या मजल्यावर आहे आईचं गं घर!"

मैदान नुसतं उसळत होतं. मधल्या विसाव्यात भर उन्हाळ्यात कोट घातलेले एक गृहस्थ पुढे आले. हे मिस्टर ओक्स. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची तबकड्या काढण्याची कंपनी होती.

"पोरी, ते ढोल आणि त्यानंतरचं ते गिटारचं कडाडणं," ओक्स म्हणाले, "वर या पोराचे शब्द. एवढंच मला हवं. येता गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी स्टुडिओत या."

वर्डेलने हातातली तबकडी जवळच्या काळ्या स्पीकरवर ठेवली आणि ती दोन पावलं पुढे आली. "चकतीवर माझं नाव येईल?"

"नाव ना? येईल की. नावाला काय लागतं?"

"पूर्ण नाव? हचिन्ससकट?"

"अगं हो, हचिन्ससकट."

तिने मग स्पेलिंग सांगितलं. दोनदा सांगितलं. ओक्सनी मान हलवली, पण कागद काही काढला नाही. ते मी प्लेयरवरून पाहिलं, पण मला तोंड कुठे होतं सांगायला?

वर्डेल हसत परत आली तेव्हा स्पीकरवर माझी बहीण उरलीच नव्हती. म्हणजे होती, पण उन्हाने वितळून तिची बशी झाली होती. आपल्या नावाच्या आनंदात वर्डेल पाव तास तिला विसरली होती, आणि जुलैतल्या उन्हाला पाव तास पुरतो.

"इस्त्री करून बघ," पापो म्हणाला. "तेच तर तुझं खातं."

तो थट्टेत बोलला, पण दुसऱ्या दिवशी वर्डेलने खरंच दोन टॉवेलांमध्ये ठेवून तिला इस्त्री केली. ती सपाट झाली, आणि तिच्यावरच्या आवाजाच्या सगळ्या रेघाही सपाट झाल्या. इतक्या वर्षांची माझी सोबतीण तिथे संपली. मला आजही इस्त्रीचा वास आला की कसंतरी होतं.

आता नवी जुळी शोधणं आलं. आणि मित्रांनो, तेव्हा वर्डेलच्या लक्षात आलं, की शोधायचं म्हणजे काय शोधायचं? नाव तिने स्वतःच्या हातांनी धुऊन टाकलं होतं. दहा दिवस ती काम संपलं की मला काखेत घेऊन दुकानं पालथी घालत होती. मॅनहॅटनमधल्या एका मोठ्या दुकानातला म्हातारा काउंटरवरून चष्म्याआडून बघत म्हणाला, "नाव?"

"माहीत नाही."

"गाणाऱ्याचं?"

"तेही नाही. पण ऐका ना." असं म्हणून तिने काउंटरवर दोन्ही हातांनी ढोल वाजवले आणि तोंडाने गिटारचा आवाज काढला. रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याने माझ्या मधल्या भोकाजवळ कोरलेला नंबर भिंग लावून वाचला.

"ही कंपनी कधीच बुडाली, बाई. या नंबराचं मी काय लोणचं घालू?"

शेवटी ती अभिमान गुंडाळून ठेवून प्रेंटिसकडे गेली. तो आपल्या जिन्यावर बसून कलिंगड खात होता.

"प्रेंटिस, खरं सांग. तू माझ्या खांद्यावरून डोकावायचास ना? माझ्या माशाच्या तबकडीचं नाव कधी वाचलंस?"

"वाचू कसं?" प्रेंटिसने बी थुंकली. "तूच तर धुतलंस! तीन वर्षं मी रडतोय त्या नावासाठी. तुलाही माहीत नाही?"

"नाही."

तो आधी खूप हसला. मग त्याने तिला कलिंगडाची एक फोड दिली आणि दोघं बसून खात राहिली.

घरी पाय सुजवून आलेल्या लेकीला आयडेलाबाईने गरम पाण्याचं घमेलं दिलं. "एवढं काय शोधतेस गं?"

"तुला नाही कळायचं, आई."

आयडेलाबाईने खांदे उडवले आणि ती आपलं स्तोत्रांचं पुस्तक घेऊन खिडकीशी बसली. तुला नाही कळायचं, हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मुलं आईला हे वाक्य किती सहज ऐकवतात!

गुरुवार उजाडला. स्टुडिओत वर्डेल माझं एकटीचं वेष्टन पोटाशी धरून उभी होती. एकाच तबकडीवर आठ सेकंदं संपली की संपली. त्यांच्यावर सहा मिनिटांचं गाणं कसं उभं राहणार?

"माझी पेटी काढू?" पापोने विचारलं. त्याच्याकडे ढोल वाजवणारं एक विजेचं यंत्र होतं. बटणं दाबून ताल भरायचा, मग ते न थकता वाजवत राहतं. गेलं वर्षभर तो तिच्या मागे लागला होता आणि ती म्हणायची, डब्यात कधी ढोल असतात का?

"काढ," आता ती म्हणाली. "पण ताल माझ्या माशाचाच हवा."

पापोने मला पुन्हापुन्हा ऐकलं आणि माझा ताल बटणाबटणाने त्या डब्यात भरला. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. माझे ढोल त्या डब्याने पळवले होते! आवाजही कसा, टीऽक टाक, थंडगार, जणू फ्रिजच्या आत कुणीतरी टिचक्या मारतंय. पण तो चुकत नव्हता आणि थकतही नव्हता. मग वर्डेलने सुई माझ्या गिटारच्या कडकडाटावर ठेवली आणि मला हाताने पुढे ढकललं, मागे ओढलं. घ्यांऽग, खर्रर्र, घ्यांऽग! डब्याच्या थंड तालात माझी तुटक्या तारेची गिटार अशी घुसली, की काचेपलीकडचा माणूस उठून उभा राहिला. क्लिओफसने डोळे मिटले आणि जिन्याचं गाणं सुरू केलं. असला आवाज आमच्या गल्लीत आधी कुणी ऐकला नव्हता. त्यात रॉक होतं, वीज होती आणि सात मजले चढून आलेला दम होता.

दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्यांनी ते चौदा वेळा केलं. एकाच जागी सुई पुढेमागे नेली की तिथली रेघ झिजते. पाचव्या वेळी मला बारीक खरखर जाणवली, दहाव्या वेळी ती सगळ्यांना ऐकू आली. वर्डेल थांबली. "पापो, ही संपत चाललीये रे." तिने मला गालाला लावलं आणि ती हळूच म्हणाली, "अजून थोडं, बाई. माझ्यासाठी." कुणी असं म्हटल्यावर मागे कोण राहील? चौदाव्या वेळी मी उरलासुरला सगळा आवाज देऊन टाकला. शेवटच्या कडव्यात आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे क्लिओफसने सगळ्यांची नावं घेतली: ढोलाच्या पेटीवर पापो, आणि तबकडीवर, हात जिचा भाजका, नजर जिची पक्की, ती वर्डेल हचिन्स.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पापो आणि क्लिओफस घामाघूम होऊन खोकं घेऊन सातव्या मजल्यावर आले. मेहनताना म्हणून ओक्सनी पंचवीस तबकड्या दिल्या होत्या. आयडेलाबाई मासे तळत होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले, खुर्ची ओढली आणि चष्मा लावला. बोललेला शब्द पाळणारी बाई ती. वर्डेलने पहिली तबकडी तिच्या हातात दिली आणि ती स्वतः खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला पाहवत नव्हतं.

आयडेलाबाईने मोठ्याने वाचलं. "गाणारा, क्लिओफस. बरं. शब्द आणि संगीत, बी. ओक्स." तिने चकती फिरवली, मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. "पोरी, तू कुठे आहेस यात?"

वर्डेल वळली. खोक्यातल्या तबकड्या तिने एकामागून एक काढून पाहिल्या, जणू पंचवीसपैकी एखादीवर तरी असेल. क्लिओफस तोंड लपवून म्हणाला, "शपथेवर सांगतो, मला नव्हतं माहीत. पण शेवटच्या कडव्यात आहे ना! मी स्वतः म्हटलंय! लावा, लावा."

पापोने लावली. माझा कडकडाट भिंतीवर आदळला आणि आयडेलाबाईची बोटं मांडीवर ताल धरू लागली. तिला ते कळलंही नाही. गाणं चढत गेलं, शेवटचं कडवं आलं, पापोचं नाव आलं, आणि त्याच क्षणी आवाज हळूहळू उतरू लागला. गाणं लांब होतं म्हणून ओक्सनी शेपूट कापलं होतं. "आणि तबकडीवर, हात जिचा..." इतकं पुसट आलं आणि नुसती सुई फिरत राहिली.

मग वर्डेलने मला वेष्टनातून बाहेर ओढलं. माझ्या झिजलेल्या रेघा तिने उजेडात पाहिल्या आणि तिचा बांध फुटला.

"हिला मारून टाकलं मी, आई! त्या गाण्यासाठी हिचा आवाज संपवला! आणि त्यांनी माझं नाव असं पुसलं, जसं काही मी नव्हतेच तिथे! असं कुणी करतं का कुणाचं?"

आयडेलाबाई उठली, खिडकीशी गेली आणि स्तोत्रांचं पुस्तक घेऊन आली. ते पुस्तक फुगून दुप्पट झालं होतं. तिने ते टेबलावर उघडलं. पानापानांत गोल कागदी चकत्या होत्या, वाळवून, दाबून, सपाट केलेल्या. तिने बोट थुंकीने ओलं करून पानं उलटली, माझ्या भोकाजवळ कोरलेल्या नंबराशी पडताळून एक निळी चकती उचलली आणि माझ्या उघड्या पोटावर ठेवली. ती बरोब्बर बसली. पाणी उतरल्याचा फिकट डागसुद्धा जुळला.

"आणि हिचं नाव कुणी पुसलं, पोरी?" ती म्हणाली.

मित्रांनो, तीन वर्षांनी मी माझं नाव ऐकलं. आयडेलाबाईने ते चर्चमधल्या आवाजात वाचलं. "हिवाळ्यातली शेवटची बोट. गाणारे, मंडे फेरीमेन, टोलेडो." आणि खालची बारीक अक्षरं: "ढोल, लेनर्ड पिएट्रास."

वर्डेल चकतीकडे बघतच राहिली. "हे... हे तुझ्याकडे होतं? आई, मी दहा दिवस वणवण फिरले!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. विचारलंस का मला? मी विचारलं तर म्हणालीस, तुला नाही कळायचं."

"पण तू ठेवलंस कशाला हे सगळं?"

"छापलेलं नाव मी गटारात जाऊ देत नाही," आयडेलाबाई म्हणाली. "नाव कुणाच्या तरी आईने ठेवलेलं असतं."

वर्डेल खाली बसली. मला मांडीवर घेऊन ती खूप वेळ रडली. आधी स्वतःसाठी आणि मग, मला वाटतं, थोडी माझ्यासाठी.

मग आयडेलाबाईने वाटीभर पिठाची खळ केली आणि माझी चकती जागेवर चिकटवली. जरा तिरपी बसली, ती आजही तिरपीच आहे. मधलं भोक वर्डेलने विणकामाच्या सुईने मोकळं केलं. त्यानंतर आयडेलाबाईने चर्चच्या वहीत नावं लिहायचं शाईचं पेन काढलं आणि खोकं जवळ ओढलं. पंचवीसच्या पंचवीस चकत्यांवर तिने आपल्या गोलगोल अक्षरात लिहिलं: तबकडीवर, वर्डेल हचिन्स. आयडेला हचिन्स हिची मुलगी.

"आई, शेवटचं कशाला?"

"माझं नाव कुठे येणार नाही तर?" तिने शाई फुंकून वाळवली. "आणि यातली एक त्या टोलेडोच्या लेनर्डला पाठव. त्यालाही कळू दे, आपले ढोल कुठवर पोचले."

वर्डेलने पाठवली. पत्ता नव्हता, नुसतं नाव आणि गाव. पार्सल परत आलं नाही. म्हणजे पोचलं असणार, असं आयडेलाबाई मरेपर्यंत म्हणत होती.

त्या सबंध हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी टबात पाणी असायचं ते फक्त आंघोळीपुरतं. वर्डेल टेबलाशी बसून पुस्तकातल्या चकत्या आपापल्या तबकड्यांवर चिकटवायची. ज्यांच्या चकत्या फाटून गेल्या होत्या, त्यांची नावं शोधायला तिने प्रेंटिसला बोलावलं. खांद्यावरून डोकावायची आता त्याला गरज नव्हती, तो शेजारी खुर्चीवर बसायचा.

आता मी वर्डेलच्या कपाटात उभी असते. तिचे केस पांढरे झाले आहेत. कधी कुणी तरुण पाहुणा येतो, मला लावतो आणि खरखर आली की म्हणतो, "ही तर बाद झालीय." वर्डेल म्हणते, "बाद नाही झाली. खर्ची पडली." मग ती त्याला ते जिन्याचं गाणं ऐकवते आणि माझा जुना आवाज कडाडून उठतो. माझ्यातून गेलेला आवाज असा दुसरीच्या पोटात सुखरूप आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. आमच्यावर धूळ बसू देऊ नका, उन्हात ठेवू नका, कडेला धरून उचला. हे तर आहेच. पण एखादं गाणं आवडलं, की त्याच्या तळाची बारीक अक्षरंही वाचत जा. कुणाची तरी आई ती वाचायला चष्मा पुसून बसलेली असते. आणि आज गोष्ट संपवताना माझ्यासाठी एवढंच करा. एकदा मोठ्याने म्हणा: ढोलांवर लेनर्ड पिएट्रास. तबकडीवर वर्डेल हचिन्स, आयडेला हचिन्स हिची मुलगी.